सुक्या बीचा भाव

२० नोव्हेंबर २०२३

मे महिन्यात निवृत्त झालो. फळ संशोधन केंद्राच्या आवारात हवामानाच्या नोंदी घेणं हे माझं काम होतं. जाळीच्या पांढऱ्या पेटीतलं तापमान, पर्जन्यमापकातलं पाणी, वाऱ्याची दिशा. रोज सकाळी बघायचं आणि लिहायचं. पाऊस येणार की नाही हे सांगणं दुसऱ्यांचं काम होतं. अजूनही सकाळ झाली की हात पेन शोधतो. म्हणून ही वही.

आज गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा कमी आणि पोट जास्त पाहिलं. साखर काठावर आहे. वजन उतरवा म्हणाले, पण घाई नको, महिन्याला एखादा किलो पुरे. "जे कराल ते पुढची वीस वर्षं करता येईल असंच करा. नाहीतर करूच नका."

त्यांच्या काट्यावरचा आकडा मला पटला नाही. येताना किरणच्या दुकानात थांबलो. किरण माझ्या चुलतभावाचा मुलगा, काजूबी विकत घेतो. हंगाम नाही, त्यामुळे पोती मोजायचा काटा गोणपाट पांघरून बसला होता. चढलो. आकडा तोच. ब्याण्णव.

"काकानू, ही बी ओली आसा," किरण म्हणाला. "सुकवन हाडा, मगे भाव सांगतंय."

घरी सावित्री नारळ खवत होती.

"काय सांगल्यान डॉक्टरान?"

"वजन कमी करा. पण हळूहळू."

"मगे जमतला तुमका. तुमी सगळाच हळूहळू करतास."

२४ नोव्हेंबर

दोन रात्री जेवलो नाही. आज संध्याकाळी स्टँडवर उभ्याने दोन प्लेट भजी खाल्ली. घरी येऊन जेवलोही. सावित्रीने शर्टावरचा तेलाचा डाग बघितला.

उपाशी राहणं मला वीस वर्षं जमणार नाही. हे तरी आज कळलं.

१ डिसेंबर

मी जाड नेमका कधी झालो ते आठवत बसलो.

लहानपणी आमच्याकडे नाश्ता हा शब्द नव्हता. पेज होती. आई पहाटे चुलीवर उकड्या तांदळाचं मडकं ठेवी. मळ्यातून, परड्यातून, सुट्टीच्या दिवशी समुद्रावरून येऊन आम्ही ताटं घेऊन बसत असू. पेज, मीठ आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. आमच्या बांगड्याचा वास शेजारी जाई आणि त्यांचा आमच्याकडे येई. पोट भरे, पण जड होत नसे. बाबा पेज पिऊन उठत ते कुदळ उचलतच. घरात कोणी जाड नव्हतं. कोणी बारीक आहे असंही कोणाच्या मनात येत नसे.

मग नोकरी, कॅन्टीन, स्कूटर. स्कूटर घरी आणली त्या दिवशी बाबा तिच्याभोवती फिरले. सीटवर हात फिरवला. "बरी आसा," म्हणाले. "आता पायांचा काय करतलंस?"

मी हसलो होतो.

सावित्रीला सांगितलं, उद्यापासून सकाळी पेज कर.

तिने खवणी खाली ठेवली. "लग्न झाल्यार तुमीच सांगितलास, पेज नको, चपाती कर म्हणान. आवशीन माझ्या मुद्दाम सावंतवाडीक जावन पोळपाट घेतल्यान."

"तेव्हा चुकला माझा."

"आता तो पोळपाट तरी परत घेतले काय ते दुकानदार?"

१८ डिसेंबर

पेजेला पंधरा दिवस झाले. दहा वाजता पेज घेतली की दुपारी दोनपर्यंत काही आठवत नाही. रात्री भात एकदाच वाढून घेतो आणि भांडं लगेच आत नेऊन ठेवतो. समोर राहिलं तर हात जातो. यात निग्रह काही नाही, फक्त भांडं आत नेणं आहे.

आजपासून संध्याकाळी बंदरापर्यंत चालायला लागलो. सावित्री म्हणाली, मी पण येतंय.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही याच रस्त्याने जायचो. घरात आई-बाबा, दोन बहिणी. बोलायचं तर बाहेरच. गावातून जाताना ती पुढे चाले, मी मागे, जणू ओळख नाही. वळणावर ती थांबे. नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून खोकायची. तो खोकला ऐकला की मी भराभर पाय उचलत असे. तेव्हा किती बारीक होती ती. वाऱ्याने पदर उडाला की पदराबरोबर तीही जाईल असं वाटे.

आज ती मागे राहिली. साठ-पासष्ट किलोंची बाई, चपला फटफट वाजवत.

"हळू चला हो. गाडी चुकता काय?"

मी थांबलो. बंदरावर होड्या लागल्या होत्या. त्या बघितल्या. परत आलो.

१० जानेवारी २०२४

किरणच्या काट्यावर नव्वद. गंमत म्हणून सावित्रीलाही चढवलं. चौसष्ट. उतरताना ती किरणला म्हणाली, "बाहेर सांगलंस तर कान पिळीन."

गावाला मात्र माझी काळजी लागली आहे. दोन किलो गेले आणि भिकाजीने बाजारात हात धरला. भिकाजी माझा केंद्रातला जुना सोबती, कलमं बांधायचा. "लवू, सुकलंस रे. साखर झाली काय?" हौसाबाई दारावर मासे घेऊन येते, ती टोपली उतरवायच्या आधीच सावित्रीला म्हणाली, "काय गो, घोवाक जेवूक घालणं नाय?"

आमच्या बोलीत जाड झालेल्याला कोणी जाड म्हणत नाही. "बरो झालो" म्हणतात. दुखण्यातून उठलेल्यालाही तेच, "बरो झालो." आणि वजन उतरलं की "सुकलो." बांगडा सुकतो, विहीर सुकते, माणूस सुकतो. कष्टाने, उपासमारीने, तापाने माणसं सुकताना ज्यांनी पाहिली त्यांचा हा शब्द आहे. मुद्दाम सुकणारा माणूस त्यांनी कुठे पाहिला असणार.

हा शब्द मनावर घ्यायचा नाही असं ठरवलं.

४ फेब्रुवारी

आज सावित्री माझ्या पुढे चालत होती. वळणावर पोचलो तर ती थांबलेली. मी म्हटलं, "आता खोक."

आधी तिला कळलं नाही. मग लाजली. तोंडावर घामाचे थेंब होते. छान दिसत होती.

१९ फेब्रुवारी

ती आता पेजेची दोन ताटं घेते. दुपारी भात, संध्याकाळी चहाबरोबर चार-पाच खारी. तरी तिचे दंड उतरलेले दिसतात. मी भाताचं भांडं आत नेऊन ठेवतो आणि अर्धा किलो उतरायला पंधरा दिवस लागतात. मला हेवा वाटतो. वहीत लिहायला हरकत नाही.

सकाळी अजून गारठा आहे. तिला मात्र पंखा लागतो, तोही चारवर. मी गोधडीत.

"हवा खंय आसा घरात?" ती म्हणते.

"हवा खूप आसा. थंडीची आसा."

"तुमची चरबी गेली, म्हणान तुमका थंडी वाजता."

बरोबर असेल. नियमाने तिचीही गेली आहे, पण तिला वाजत नाही. बायकांचं या वयात असं होतं म्हणतात.

१० मार्च

बी सुरू झाली. किरणच्या दुकानात पोत्यांची रांग. मी मध्येच घुसून काट्यावर चढलो. अठ्ठ्याऐंशी. चार महिन्यांत चार किलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. रांगेतला एक जण म्हणाला, "ह्या पोत्याक भाव काय?"

किरण मूठभर बी उचलतो, कानाजवळ नेऊन हलवतो. ओली बी गप्प असते. सुकी वाजते. वजनाला कमी भरते, पण भाव तिलाच. एका पोत्यातून त्याने चार-सहा बिया वेचून बाजूला टाकल्या.

"ह्यो पण हलक्यो आसत की," मी म्हटलं.

"ह्यो सुक्यो नाय, काका. पोचट आसत. आत गरच नाय."

सावित्रीला चढवलं. सत्तावन्न. किरणने काटा पुन्हा शून्यावर आणला. पुन्हा सत्तावन्न.

"काकी, तुमी काय करतास ता आमच्या बायलेक सांगा."

"काय करूचा नाय. दोन ताटां पेज जेवची," सावित्री म्हणाली. सगळे हसले. मी तिच्याकडे बघत होतो. काट्यावरून ती मुलीसारखी टुणकन उतरली.

घरी आल्यावर तिने चहा दिला. बशीत कप खळखळ वाजत होता. मी म्हटलं, "सुकी बी वाजता." तिने हात पदराखाली घेतला.

२९ मार्च

शिमग्यात हरलो. पाच दिवस पुरणपोळी, मटण, वडे, सोलकढी. भिकाजीकडे तर मी दुसऱ्यांदा नको म्हटलं तेव्हा त्याच्या आईने रडवेलं तोंड केलं. एकोणनव्वदच्या वर गेलो. आता सगळंच पहिल्यासारखं होणार असं वाटून काल डॉक्टरांकडे गेलो.

त्यांना काहीच वाटलं नाही. "आज सकाळी काय घेतलंत?"

"पेज."

"संध्याकाळी चालणार?"

"हो."

"मग काय बिघडलं? सण होता, संपला. सवय मोडली असती तर मी रागावलो असतो."

येताना हलकं वाटलं. काट्यावर मात्र चढलो नाही.

१४ एप्रिल

सावित्री पहाटे उठून भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. सुईत दोरा घालायला मला हाक मारते, हात स्थिर राहत नाही म्हणते. आज माझ्या हातून आमटीचं भांडं सांडलं तर रडली. भांडं माझ्या हातून सांडलं, रडली ती. मग स्वतःच म्हणाली, काय झाला ता समजत नाय.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ती अशीच पटकन रडायची. आईने ताक आंबट झालं म्हटलं तरी डोळ्यात पाणी. मधल्या वर्षांत ते गेलं होतं. संसारात बायका घट्ट होत जातात, अंगानेही आणि मनानेही. आता चरबीबरोबर तो घट्टपणाही उतरला असावा. डोळे पुन्हा मोठे दिसतात. कधी कधी ती ओटीवर उभी असते आणि मला वाटतं, मागून आई हाक मारेल.

वजन उतरलं की वय उतरतं असं कोणी मला आधी सांगायला हवं होतं.

२ मे

हौसाबाईने आज कोळंबी दिली आणि सावित्री पैसे आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाली, "वयनी सुकली हा. तुझ्या नादान तिका उपाशी मारू नको हां."

"ती माझ्या दुप्पट जेवता गे."

"मगे जाता खंय ता?"

"तुमी माका पण असाच सांगत होतास," मी म्हटलं. "मी मेलंय काय?"

ती टोपली उचलून गेली. रागावली असावी. उद्या ताजे मासे देणार नाही.

१० मे

काल इन्सुलीला सावित्रीच्या भाच्याचं, निलेशचं लग्न. तिने आमच्या लग्नातला शालू काढला. बत्तीस वर्षं जुना, बराच काळ ट्रंकेत होता. ब्लाउज उसवून मोठं करावं लागेल म्हणून मागे कधीतरी ठेवून दिलेला. काल घातला तर दोन्ही बाजूंनी टाचावा लागला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या आणि हात खाली केला की मनगटावरून घसरत होत्या. तिने त्या सुताने एकत्र बांधल्या.

मांडवात ती आली तेव्हा मी माणसांत बसलो होतो. क्षणभर मी नवरदेव होतो. याहून दुसरं लिहिता येत नाही.

बायकांनी तिला घेरलं. "काय गो सावित्री, खंयचा औषध घेतंस?" तिची थोरली काकी मात्र तिचा दंड चाचपत बराच वेळ बसून होती. "सुकलंस गो बाय," एवढंच म्हणाली. मी पुढे होऊन सांगितलं, पेज आणि चालणं. सोपं आहे, कोणालाही जमेल. मी बराच वेळ बोललो. माझ्या पट्ट्याला पाडलेली नवी भोकं दाखवली.

मांडवाच्या दारात तिचा फोटो काढला.

११ मे

तो फोटो पुण्याला तन्वीला पाठवायचा ठरवला. तन्वी आमची मुलगी, दिवाळीनंतर आलेली नाही. नुसता काय पाठवायचा, शेजारी आमच्या लग्नातला लावू म्हटलं. तीच साडी, तीच बाई, बघ, फरक शोधून दाखव.

भिंतीवरची तसबीर काढली. काच पुसली. ओटीवर उजेडात नेली.

फोटोतल्या सावित्रीचे गाल भरलेले आहेत. दंड गोल. हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. हनुवटीखाली छोटी वळी. चांगली बाळसेदार मुलगी आहे. लग्नात माझी मावशी म्हणाली होती तेही आठवलं, "लवूची बायल बरी आसा हां."

मोबाईलमधला फोटो शेजारी धरला. गालांची हाडं वर आली आहेत. डोळे मोठे आहेत, पण मिटायचं विसरल्यासारखे. मंगळसूत्राच्या वर गळ्याला सूज आहे. जुन्या फोटोत ती नाही.

पदराबरोबर उडून जाईल अशी ती कधी नव्हतीच. मला आठवत होती ती कोण, मला ठाऊक नाही.

आत ती जेवत होती. दुसऱ्यांदा.

फोटो पाठवला नाही.

१३ मे

डॉक्टरांनी तिला हात पुढे करायला सांगितले. पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. पंखा बंद होता. कागद थरथरत राहिला.

ते तिला विचारत होते आणि उत्तरं मी देत होतो. भूक? दुप्पट. झोप? पहाटेच्याही आधी उठते. उकाडा? थंडीतही पंखा चारवर. हात? कप वाजतो, दोरा ओवता येत नाही. चिडचिड, रडू? हो. केस? मोरीच्या जाळीत रोज. वजन? जानेवारीत चौसष्ट, मार्चमध्ये सत्तावन्न.

"कधीपासून हे?"

"फेब्रुवारीपासून."

डॉक्टर लिहीत होते. सावित्री माझ्याकडे वळली.

"तुमका सगळा दिसत होता?"

दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, थायरॉइड असावं, रक्त तपासू. नाडी फार जलद आहे, हृदयाला असं फार दिवस पळवून चालणार नाही. अजून दोन-तीन महिने गेले असते तर, एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी फाडून दिली.

रिक्षात ती म्हणाली, "छाती धडधडायची माझी. शिमग्यापासना."

"सांगूचा नाय?"

ती बाहेर बघत होती. "तुमी खूश होतास. त्या वळणार माका खोक म्हणान सांगितलास. त्या शालूत बघितलास. कित्येक वर्षांत तसा बघूक नव्हतास." मग बाहेरच बघत, "माका पण बरा वाटला. म्हणान गप रवलंय."

बाजार आला. रिक्षावाल्याने गाडी हळू केली.

१८ मे

रिपोर्ट आला. थायरॉइडच. ओरोसच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन गोळ्या दिल्या, एक रोगावर, एक नाडीवर. वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतील. बरी होईल म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाल्या.

आजचं वजन एक्कावन्न. त्यांच्या काट्यावर. या वेळी मला पटला.

६ जून

चालणं बंद. तिला विश्रांती सांगितली आहे. मी एकटा बंदरावर जात नाही.

पेज मी करतो. पहिले दोन दिवस मडक्याच्या बुडाला लागली. ती खाटेवरून सांगते, "ढवळा. आता नको. आता ढवळा." तिच्या ताटात तूप, खोबरं, दोन अंडी. माझ्यात मीठ.

३० जून

बाहेर पाऊस. ती झोपली की मी फरसाणाचा डबा घेऊन ओटीवर बसतो. डबा संपल्यावर कळतं की संपला. पट्टा एका भोकाने मागे आला आहे. मला त्याचं काही वाटत नाही. ज्या गोष्टीने मला एवढा आनंद दिला तिचा आता राग येतो.

हौसाबाई पावसाची येत नाही. ती आली असती तर बरं झालं असतं.

१५ जुलै

सावित्रीने डबा पाहिला. रिकामा.

"माझा दुखणा काय तुमच्या पेजेन हाडूक नाय," ती म्हणाली.

"म्हायत आसा."

"मगे पेजेवर राग कित्याक? बघूचा ता तुमी बघूक नाय, त्याचो राग त्या मडक्यार काढू नकात."

भांडण झालं नाही. ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि डबा घासून उपडा घातला. मग म्हणाली, पाऊस थांबलो हा, जावा जरा बंदरार. माका येवन सांगा, कोण कोण होड्यो रंगवतत ता.

गेलो. गुडघा पहिल्या चढावर कुरकुरला. वळणापर्यंत पोचल्यावर पाय सवयीने थांबले. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि पुढे गेलो.

१६ जुलै

आजही गेलो.

२१ ऑगस्ट

रात्री भाताचं भांडं आत नेऊन ठेवलं. ठेवल्यावर लक्षात आलं की मध्ये महिनाभर ते बाहेरच राहत होतं आणि पुन्हा कधी आत जायला लागलं हे मला आठवत नाही. कोणी ठरवलं नाही. हातानेच केलं.

सावित्रीने आज सुईत दोरा स्वतः घातला. दुसऱ्या खेपेला गेला. मी पेपर वाचतोय असं दाखवलं.

९ सप्टेंबर

चतुर्थीला तन्वी आली. दारातच तिने आईला मिठी मारली आणि खूप वेळ सोडली नाही. आईच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता, हाडं मोजत असल्यासारखा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही फोनवर सगळं सांगायचात. पावसाचे मिलिमीटरसुद्धा सांगायचात."

सावित्री म्हणाली, "गो, तेंका नको बोलू. मोदक खा."

पाच मोदक खाल्ले. उद्या सकाळी पेज.

२० नोव्हेंबर

वर्ष झालं. मी किरणकडे गेलो. शहाऐंशी. मार्चनंतर फक्त दोन. मधल्या पावसाळ्यातले वर जाऊन खाली आलेले धरले तर जास्त, पण काटा ते सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, आता वर्षभर इथेच राहिलात तरी मी खूश. साखर काठाच्या आत आली आहे.

मी त्यांना विचारलं, राहणं आणि उतरणं यात अवघड काय? ते म्हणाले, उतरताना लोक विचारतात. राहताना कोणी विचारत नाही.

खरं आहे. भिकाजी आता मला बघून काहीच म्हणत नाही. त्याच्या लेखी मी पहिल्यापासून असाच आहे.

१२ जानेवारी २०२५

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली. चालायला परवानगी दिली. संध्याकाळी आम्ही दोघं निघालो.

वाटेत किरणच्या दुकानात थांबलो. त्याने काट्यावरचं गोणपाट काढलं. सावित्री म्हणाली, "माका नको."

"चढा ओ काकी. भाव सांगणंय नाय."

चढली. साठला थोडं कमी. किरणने मुठीत बी घेऊन हलवावी तसा हात कानाजवळ नेऊन हलवला आणि मान डोलावली. "वाजणा नाय. गर भरलो हा." तिने त्याचा कान पिळला.

माझं मी मोजलं नाही. पट्ट्याला कळतं.

बंदराच्या रस्त्याला हौसाबाई भेटली, रिकामी टोपली घेऊन घरी चाललेली. सावित्रीला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. गालाला हात लावला. माझ्याकडे पाहिलं नाही. "उद्या सौंदाळे हाडतंय," म्हणाली आणि गेली.

मी पुढे होतो. मागे चपलांची फटफट. वळण यायच्या आधीच हाक आली.

"हळू चला हो. गाडी चुकता काय?"

थांबलो. ती आली. धाप थोडी लागली होती, पण तोंडावर घाम नव्हता. मी तिच्याकडे नीट पाहिलं. गाल, गळा, हात. ती ओशाळली, पदर सारखा केला.

"काय बघतास? जाडी झालंय काय मी?"

"बरी झालंस," मी म्हटलं.

आम्ही बंदरापर्यंत गेलो आणि परत आलो. घरात शिरल्यावर तिने सवयीने पंखा लावला आणि दोन मिनिटांत स्वतःच बंद केला.